रिमोटची शॉक कॉलर : तांबूचा अनुभव, आणि आता छत्रीचं काय करू?

मृण्मयी_पाषाण

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, पण कृपया पूर्ण वाचा. मला खरंच मदत हवी आहे, आणि कॉलर घेण्याच्या विचारात कुणी असेल तर त्यांनी आधी हे वाचावं असंही वाटतं.

आमच्याकडे तांबू आहे. दोन वर्षांचा कारवान, तांबूस रंगाचा, म्हणून तांबू. कारवान म्हणजे कर्नाटकात ज्याला मुधोळ म्हणतात त्याच घराण्यातला. वासापेक्षा नजरेनं शिकार करणारा. माळावर सशामागे धावण्यासाठी पिढ्यानपिढ्या जोपासलेली जात. घरात अगदी गरीब गाय. पण पट्टा सुटला आणि समोर काही हललं की त्याला माझा आवाज ऐकूच येत नाही.

फेब्रुवारीत वेताळ टेकडीवर हार्नेसचा हूक निसटला आणि तांबू मोरामागे गेला. पाऊण तास आम्ही दोघं हाका मारत फिरत होतो. सापडला तेव्हा पुढच्या पायाचा तळवा फाटलेला, छातीत बाभळीचे काटे. त्या रात्री मी ठरवलं की आता एखादा ट्रेनर बघायचाच.

ओळखीतून एक ट्रेनर मिळाले. पहिल्याच भेटीत म्हणाले, या जातीला खाऊ देऊन काही होत नाही, ई-कॉलर लावा. गळ्यात एक डबी असते, तिची दोन धातूची टोकं कातडीला टेकून बसतात. रिमोट आपल्या हातात. त्यावर बीप, व्हायब्रेशन आणि शॉक अशी तीन बटणं, आणि १ ते १०० पर्यंत आकडे. ते 'शॉक' शब्द कधीच वापरत नसत, 'स्टिम' म्हणत. मी आधी स्वतःच्या हाताला लावून बघितलं. ८ ला काही नाही. १५ ला मुंगी चावल्यासारखं. ३० ला हात आपोआप मागे खेचला गेला आणि बोटं थोडा वेळ बधिर झाली. ते म्हणाले, कुत्र्याची कातडी जाड असते. मी विश्वास ठेवला.

घरात १८ वर शिकवलं. तांबू वळून यायचा, मला वाटायचं शिकतोय. मग टेकडीवर न्यायचं ठरलं. 'तिथे लक्ष उडतं, ४० ठेवा' असं सांगितलं होतं.

जूनमधली सकाळ. पाऊस नुकताच भुरभुरायला लागला होता. तांबू लांब दोरीवर होता. झुडपात काहीतरी खसफसलं, तो झेपावला, मी बटण दाबलं. नेमक्या त्याच क्षणी वाटेवरून येणाऱ्या एका काकांनी आपली काळी छत्री फट्‌कन उघडली. तांबूचं तोंड त्यांच्याकडे होतं. तो किंचाळला. मी त्याला असं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं, तळवा फाटला होता तेव्हासुद्धा नाही. मग खाली बसला आणि थरथरायला लागला.

तेव्हापासून छत्री दिसली की शेपूट पोटाखाली जाते. पहिले चार-पाच दिवस नुसता घाबरायचा. आता भुंकून अंगावर जातो. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या आजी मिटलेली छत्री घेऊन उभ्या होत्या, तर त्यांच्या साडीच्या पदरापर्यंत पोचला. चावला नाही, पण माझे हातपाय गार पडले. आणि आता जुलै सुरू आहे, पुण्यात छत्रीवाचून माणूस दिसणार कुठे?

अजून एक गोष्ट. रिमोट टीव्हीखालच्या खणात असतो. तो खण उघडला की, मी त्यातून कात्री काढत असले तरी, तांबू उठून न्हाणीघरात वॉशिंग मशिन आणि भिंतीमधल्या फटीत जाऊन बसतो. कान मागे चिकटलेले, पुढचा एक पाय उचललेला, जीभ सारखी नाकावर. मी जवळ गेले तर मान फिरवतो. दोन वर्षं हाच कुत्रा माझ्या पायावर हनुवटी टेकून झोपायचा.

कॉलर काढून ठेवली आहे. ट्रेनरना फोन केला तर म्हणाले, आता छत्रीवरही स्टिम द्या, सुटेल. मी नाही म्हटलं. पुढे काय करू?

कोथरूडची_मीरा

मृण्मयी, आधी एक: कॉलर काढलीस ते उत्तम केलंस आणि छत्रीवर शॉक देणार नाहीस ते त्याहून उत्तम. घाबरलेल्या कुत्र्याला भुंकल्याबद्दल शॉक दिला तर भुंकणं कदाचित थांबेल, भीती थांबणार नाही. मग न भुंकता थेट चावणारा कुत्रा तयार होतो.

मुळशीकर

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. आमची मुळशीकडे शेती आहे. आमचा जर्मन शेफर्ड शेजाऱ्याच्या शेळ्यांमागे जायचा. एकदा करडू जखमी झालं. शेजारी भला माणूस, पण त्यानं स्पष्ट सांगितलं, पुन्हा आला तर मी काठी घेणार. मी कॉलर आणली. आधी तीन आठवडे नुसती गळ्यात घातली, शॉक नाही. मग सर्वांत कमी आकडा, जिथे त्याचा फक्त कान हलायचा. तो शेळ्यांमागे जायचा थांबला. आज दोन वर्षं झाली, कॉलर खुंटीला आहे. माझा कुत्रा जिवंत आहे आणि मोकळा फिरतो. तुमच्या ट्रेनरनं चूक केली हे खरं, पण हत्यार वाईट की ते चालवणारा हात, याचा विचार व्हावा.

अमेरिकेत २०२४ मध्ये एक अभ्यास आला. १९ कुत्री, धावणाऱ्या आमिषामागे जाण्यापासून रोखायची होती. कॉलरवाल्या गटातली कुत्री दोन-तीन सत्रांत थांबली, खाऊवाल्या गटातली थांबली नाहीत. तेवढंही बघावं.

शमा_वाकड

आमच्या सोसायटीत भुंकण्यावरून रोज तक्रारी असतात. मला एकानं आपोआप शॉक देणारी भुंकण्याची कॉलर सुचवली आहे. ती चालेल का? रिमोट नसतो म्हणजे आपल्या हातून चूकही होणार नाही ना?

प्राण्यांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, हडपसर भागात दवाखाना आहे. हा विषय माझ्या टेबलावर दर महिन्याला येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, तांबूच्या डोक्यात जे झालं ते अगदी साध्या नियमानं झालं. वेदना झाली की जनावर त्या क्षणी समोर असलेल्या गोष्टीशी तिचा संबंध जोडतं. तुमच्या मनात होतं, 'झुडपाकडे जाऊ नको'. तांबूच्या समोर होती काळी, एकदम मोठी झालेली छत्री. बटणाला शब्द नसतात. शॉक कशाबद्दल होता हे कुत्रा ठरवतो, आपण नाही. आणि त्यानं काय ठरवलं हे आपल्याला दिवसांनी कळतं. इतरांच्या बाबतीत ते छत्रीऐवजी लहान मूल असतं, सायकल असते, घरातलं दुसरं कुत्रं असतं. दुसऱ्या कुत्र्याकडे बघताना शॉक बसलेली दोन कुत्री मी जखमा शिवायला घेतली आहेत.

कातडीबद्दल. कुत्र्याची कातडी जाड म्हणणं चूक आहे, तिचा वरचा थर माणसापेक्षा पातळ असतो. आपल्याला केस नाहीत, त्यांना आहेत, एवढाच फरक. त्यातही कारवानचे केस आखूड आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही. लांब केसांच्या कुत्र्यावर जो आकडा धड पोचतही नाही, तो कारवानला थेट बसतो. त्यात पाऊस होता, मान ओली. कातडी आणि टोकं यांमधला संपर्क ओलाव्यानं बदलतो. कोरड्या खोलीत १८ जसा लागला तसाच टेकडीवर लागेल याची कसलीच खात्री नसते, आणि तुम्ही तर ४० वर होतात.

कॉलर काढल्यावर मान केस बाजूला करून बघितलीत का? दोन गोल लालसर खुणा किंवा ओलसर व्रण असेल तर दवाखान्यात न्या. लोक त्याला विजेनं भाजलं म्हणतात, बहुतेक वेळा ते टोकांच्या सततच्या दाबानं झालेलं असतं. दिवसभर कॉलर ठेवल्यानं होतं.

मुळशीकर, तुम्ही जो अभ्यास सांगितलात तो मी वाचला आहे आणि तो लपवून ठेवण्यासारखा नाही. धावणं थांबतं, हे त्यात दिसतं. पण शॉक बसताना कुत्री किंचाळल्याचंही त्याच अभ्यासात आहे. शिवाय सत्रं अगदी थोडी होती आणि खाऊनं परत बोलावणं पक्कं व्हायला तेवढी सत्रं पुरत नाहीत. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठानं ६३ पाळीव कुत्र्यांवर काम केलं, २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बोलावल्यावर न येणारी, गुराढोरांमागे जाणारी, म्हणजे अगदी तुमच्या-आमच्या तक्रारींची कुत्री. एका गटाला कॉलर, आणि ट्रेनर कॉलर कंपन्यांच्या संघटनेनं सुचवलेले, म्हणजे हातात हत्यार नीट धरणारे. दुसऱ्या गटाला तेच ट्रेनर, पण कॉलरशिवाय. तिसऱ्याला खाऊ देऊन शिकवणारे ट्रेनर. कॉलरचा कोणताही जास्तीचा फायदा दिसला नाही, ताणाची लक्षणं मात्र कॉलरवाल्या गटात जास्त. २०२० मध्ये त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा खाऊवाल्या गटातली कुत्री कमी वेळा सांगून आणि लवकर ऐकत होती.

त्याहून जुनं नेदरलँड्समधलं २००४ चं काम आहे, राखणीच्या जर्मन शेफर्डवरचं. शॉकनं शिकवलेली कुत्री प्रशिक्षणाच्या मैदानावर तर ताणात होतीच, साध्या बागेत फिरतानाही होती. मालक जवळ आहे म्हणजे शॉक येऊ शकतो, एवढं ती शिकली होती. तांबूचा खण मला त्यामुळेच आठवला.

शमाताई, भुंकण्याच्या आपोआप कॉलरबद्दल स्पष्ट नाही म्हणतो. काही कॉलरी आवाजावर चालतात, त्या शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानंही पेटतात. तुमचं कुत्रं मुकाट्यानं पडलेलं असताना त्याला शॉक बसेल. ते कधी भुंकतं ते आधी सांगा: तुम्ही घराबाहेर गेल्यावर, की लिफ्टचा आवाज आला की?

शमा_वाकड

बाहेर गेल्यावर. वॉचमन म्हणतो, तासभर.

प्राण्यांचा_डॉक्टर

म्हणजे ते एकटेपणाला घाबरून ओरडतंय. त्याला शॉक देऊ नका. वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहीन.

मुळशीकर

डॉक्टरसाहेब, एवढं नीट उत्तर दिल्याबद्दल आभार. लिंकनचं काम मला माहीत नव्हतं. माझा कुत्रा ठीक आहे हे मी म्हणेनच. पण एक आठवलं ते लिहितो: शेळ्या सोडा, आता शेजाऱ्याचा गडी बांधावरून गेला तरी तो घरात येतो. आम्ही त्याला 'शहाणा झाला' म्हणायचो.

टेकडीवरचा_नियमित

सगळे कॉलरवर बोलताय. मी रोज पहाटे वेताळ टेकडीवर असतो, म्हणून मूळ मुद्दा सांगतो. तिथे मोर आहेत, ससे आहेत, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. शिकारी जातीचं कुत्रं तिथे मोकळं सोडायचंच नाही. कॉलर लावूनही नाही आणि कितीही शिकलेलं असलं तरी नाही. मृण्मयींचा हूक निसटला, तो अपघात. पण रोज सकाळी दहा-बारा कुत्री मुद्दाम सोडलेली असतात आणि मालक फोनवर बोलत असतात. हे मी रागानं लिहितोय, आणि राग खरा आहे. मागच्या वर्षी टिटवीची अंडी तुडवलेली मी पाहिली.

मृण्मयी_पाषाण

पटलं. मी स्वतः मोकळं सोडत नव्हते, पण 'शिकल्यावर सोडू' हे मनात होतं. आता ते काढून टाकलं.

डॉक्टर, मान बघितली. उजव्या बाजूला एक चिंचोक्याएवढी केस गेलेली जागा आहे, थोडी लाल. मला ती आजवर दिसलीच नव्हती, कारण तो मला मानेला हात लावू देत नव्हता आणि मला वाटायचं लाडात येतोय.

घोरपडीचा_दिनू

वेगळा प्रश्न, पण जवळचाच. आमच्या आवारात दोनदा घोणस निघाली. अमेरिकेत म्हणे सापापासून लांब राहायला कुत्र्याला शॉक कॉलरनंच शिकवतात. तिथे जिवाचा प्रश्न असतो. अशा वेळी तरी?

प्राण्यांचा_डॉक्टर

दिनूभाऊ, रॅटलस्नेकसाठी तिथे असे वर्ग चालतात हे खरं. साप दिसला, वास आला की शॉक, म्हणजे सापाची भीती मुद्दाम घालायची. इथे ते करायला जिवंत घोणस लागेल, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, साप पकडून असा वापरता येत नाही. रबरी सापावर शिकवलं तर कुत्रं रबराला घाबरेल.

त्यापेक्षा हे करा. अंधारात कुत्रं आखूड पट्ट्यावर, हातात टॉर्च. पालापाचोळा, विटांचे ढीग, उंदरांना मिळणारं खाणं आवारातून काढा. उंदीर नाहीत तिथे घोणस फार रेंगाळत नाही. 'सोड' हा शब्द रोज जेवणाच्या वेळी खाऊ देऊन पक्का करा. आणि चावलाच तर बांधाबांधी, चिरे देणं, हळद लावणं काही नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. माणसाला देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही देतात, नाग, मण्यार, घोणस, फुरसे चारही त्यात आहेत. मात्र ते प्रत्येक दवाखान्यात नसतं. आज दोन-तीन ठिकाणी फोन करून रात्री कुठे मिळतं ते विचारून ठेवा.

वकील_आहे_पण_कुत्रेवाला

कायद्याचं कुणी विचारलं नाही, तरी थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा. कलम ११ मध्ये विनाकारण वेदना देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजच्या तारखेलाही तेवढाच. वेल्समध्ये २०१० पासून या कॉलरवर सरळ बंदी आहे. जर्मनीत २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं त्यांच्या प्राणी संरक्षण कायद्याखाली वापर अमान्य ठरवला. आपल्याकडे ऑनलाइन मागवली की दोन दिवसांत घरी येते, सोबत मराठीत एक ओळ सूचना नसते.

कोथरूडची_मीरा

मृण्मयी, छत्रीचं सांगते. माझी कुत्री ढोलाला अशीच घाबरायची, गणपतीचे दहा दिवस नरक असायचे, म्हणून हे हातानं केलेलं आहे.

घरात छत्री आणू नकोस आधी. जिन्यात, लांब टोकाला, मिटलेली छत्री जमिनीवर आडवी ठेव. तांबूला ती दिसेल पण तो अजून खाऊ घेईल एवढं अंतर शोध. तोंडात घेतलेला चिकनचा तुकडा त्यानं टाकून दिला, किंवा घेतला पण चावताना डोळे छत्रीवरच, तर तू फार जवळ आहेस. छत्री दिसली की तुकडा, छत्री आड गेली की तुकडे बंद. क्रम तोच ठेव, आधी छत्री, मग खाऊ. उलटं केलंस तर चिकन म्हणजे छत्री येणार असं होईल. एका वेळी तीन मिनिटं, बस. कितीही छान चाललं तरी तीन मिनिटं.

मिटलेली पचली की मग कुणीतरी धरलेली, मग हळू उघडलेली, मग हलती. 'फट्' असा आवाज सगळ्यात शेवटी. काळी छत्रीही शेवटी, आधी तुझी एखादी फुलाफुलांची असेल ती घे. आणि तोवर लिफ्ट बंद. रोजच्या फिरण्यात एक जरी धक्का बसला तर आठवड्याचं काम पाण्यात जातं.

रिमोट घराबाहेर काढ. खणातून नव्हे, घरातूनच. त्या खणात आता चिकन ठेवायचं, डब्यात घालून.

मृण्मयी_पाषाण

मीरा, तुझं उत्तर मी छापून फ्रिजवर लावलं आहे. परत बोलावण्याचं काय करू? ते तर मुळात शिकलाच नाही.

कोथरूडची_मीरा

नवा शब्द घे. 'ये' हा शब्द त्याच्यासाठी खराब झालाय, त्याच्या मागून शॉक आलाय. तोंडाला सोपा पण घरात एरवी कुणी न बोलणारा शब्द. आमच्याकडे 'दहीभात' आहे. दहा मीटरची दोरी, हार्नेसला लावलेली, गळपट्ट्याला कधीच नाही, मान झटक्यात मोडेल. शब्द एकदाच उच्चारायचा. आला की नुसता एक तुकडा नाही, पाच तुकडे एकामागून एक, आणि मग पुन्हा हुंगायला सोडून द्यायचं. आलो की मजा संपते असं त्याला वाटता कामा नये. कारवानच्या बाबतीत पळायची हौस कुठेतरी फिटलीही पाहिजे. बांबूच्या काठीला चिंधी बांधून गोल फिरव, कुंपण असलेल्या जागेत. पकडू दे त्याला.

मृण्मयी_पाषाण

दोन महिन्यांनी लिहिते आहे. बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलं म्हणून.

मानेची जखम भरली, केस यायला लागलेत. रिमोट भंगारवाल्याला दिला, कॉलर आधी कात्रीनं कापून, कुणी वापरू नये म्हणून.

छत्री: पहिले नऊ दिवस जिन्याच्या टोकाला मिटलेल्या छत्रीपर्यंतच होतो. मला रडू यायचं. दहाव्या दिवशी तांबूनं छत्री बघितली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं, तुकडा कुठाय म्हणून. आता रस्त्यानं छत्रीवाला येताना दिसला की तो आधी माझ्याकडे बघतो. दहा-बारा पावलांवरून माणूस जाऊ शकतो. उघडताना होणारा आवाज अजून चालत नाही, तिथे तो दगड होतो. लिफ्टही नाही, आम्ही पाच मजले जिन्यानं करतो. शेजारच्या आजींनी मनात काही ठेवलं नाही. त्या स्वतःहून म्हणाल्या, माझी छत्री घे शिकवायला, मला नाहीतरी गुडघ्यांनी पावसात जाता येत नाही. सध्या सराव त्यांच्याच छत्रीवर चालतो. तिची मूठ लाकडाची आहे आणि तांबू तिला हुंगतो.

परत बोलावणं: आमचा शब्द 'शिरापुरी'. दोरीवर, मैदानात, दहातून आठ वेळा येतो. टेकडीवर मांजर किंवा मोर दिसला तर येत नाही, म्हणून दोरी सुटत नाही आणि सुटणारही नाही.

खण उघडला की आता उठून बसतो. पळत नाही. शेपूट अजून खाली असते, पण बसतो.

पायावर हनुवटी मंगळवारी ठेवली. दोन मिनिटं असेल. मी हललेच नाही.

घोरपडीचा_दिनू

ताई, वाचून बरं वाटलं. दहा मीटरची दोरी कुठून घेतली? ऑनलाइन फार महाग आहे.

मृण्मयी_पाषाण

बोहरी आळीतून, मीटरवर मिळते. जाड सुती घ्या, नायलॉनची नको, झटका बसला की तळहात सोलतो. टोकाला पितळी हूक वेगळा घेऊन मोच्याकडून शिवून घेतला. आणि दुकानातच दोन्ही हातांनी जोरात खेचून बघा, आमचा पहिला हूक तिथेच उघडला.